काळ्या दगडाच्या पोटात



या व्यासपीठावर गेले काही दिवस मोठमोठ्या विषयांवर भाषणे झाली. आज माझ्या वाट्याला दगड आले आहेत. चालकांनी विषय विचारला तेव्हा मी 'दुर्मिळ खनिज-स्फटिकांचा संग्रह' असे भारदस्त नाव सांगितले, कारण फलकावर ते शोभून दिसते. आमच्या घरात मात्र या छंदाला एवढे मोठे नाव कधीच मिळाले नाही. आमच्या मंडळींचे म्हणणे असे की, लोक घरातले दगड वेचून बाहेर टाकतात आणि आमच्याकडे बाहेरचे वेचून आत येतात. घर बदलताना हमालाने एक खोके उचलले, लगेच खाली ठेवले आणि विचारले, "मास्तर, ह्यात हाय तरी काय?" मी म्हटले, "दगड." तो हसला. त्याला वाटले, मास्तर थट्टा करतात. पुढे खोके उघडल्यावर त्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, त्या नजरेची सवय या छंदात पडलेल्या माणसाला करून घ्यावी लागते.

या नादाची सुरुवात सांगतो. १९६० च्या आसपासची गोष्ट. आमच्या वाडीवरून स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर खडी पडत होती. रस्त्याच्या कडेला ढीग घातलेले, बायका हातोडीने मोठी खडी बारीक करीत बसलेल्या आणि आम्ही शाळेत जाताना त्या ढिगांवर चढून उड्या मारणारे. एके दिवशी मला त्या काळ्या खडीत पांढरे काही चमकताना दिसले. उचलून पाहिले तर मुठीएवढ्या काळ्या तुकड्याला एक खोबण होती, आणि खोबणीत मोत्याच्या रंगाच्या पात्यांचा एक पंखा उघडला होता. कोणी कोरून बसवावा तसा. दप्तरात घालून मी तो शाळेत नेला आणि मास्तरांना दाखवला. त्यांनी तो खिडकीशी नेऊन पाहिला आणि म्हणाले, "गारगोटीच्या जातीचे काही तरी आहे. कोठून आणलास?"

मी म्हटले, "रस्त्यावरून."

"आणि रस्त्यावर कोठून आला?"

या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मला आले नाही. या प्रश्नाकडे मी शेवटी पुन्हा येणार आहे. तूर्त एवढेच सांगतो की तो तुकडा आज इथे टेबलावर ठेवला आहे.

आता तो पंखा दगडाच्या पोटात शिरला कसा, हे पाहू. आपल्या पायाखालचा काळा दगड, ज्याला पाथरवट काळवत्री म्हणतात आणि भूशास्त्रज्ञ बेसाल्ट म्हणतात, तो एके काळी वाहता लाव्हारस होता. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून हा रस थरांवर थर असा पसरला. आजही त्याने सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरचा प्रदेश व्यापला आहे. जवळजवळ सगळा महाराष्ट्र त्यात आला. आपली जीवदानीची टेकडी, तुंगारेश्वराचा डोंगर, सगळा त्याच घराण्यातला दगड. जाता जाता सांगतो, की जुन्या गोव्यातल्या बॉम जेझस चर्चच्या दर्शनी भागाचा काळा दगड वसईकडून जहाजाने गेला, असे इतिहासकार लिहितात. म्हणजे आपल्या दगडाने परगावी जाण्याची रीत फार जुनी आहे.

आता घरातल्या भगिनींना ठाऊक असलेला दाखला देतो. घावन तव्यावर घातले की त्याला जाळी पडते. आतली वाफ वर येते, पीठ तोवर आळत आलेले असते, म्हणून वाफेची वाट तशीच राहते. लाव्ह्याचे तसेच झाले. रसात कोंडलेले वायू वर आले, थराचा वरचा भाग बुडबुड्यांनी भरला आणि ते निघून जाण्याआधीच दगड गोठला. काही पोकळ्या मोहरीएवढ्या राहिल्या, काही नारळाएवढ्या, आणि काही ठिकाणी माणूस आत वाकून उभा राहील एवढ्या. या पोकळ्या प्रथम रिकाम्याच होत्या. मग लाखो वर्षे त्यांतून कोमट-गरम पाणी झिरपत राहिले. पाण्याने वाटेतल्या दगडातला सिलिका, चुना, सोडा, ॲल्युमिना असा थोडाथोडा ऐवज विरघळवून घेतला आणि पोकळीत शिरल्यावर, थोडे निवल्यावर, तो खाली ठेवला. आपल्याकडे मिठागरे आहेत, तेव्हा हे मी अधिक समजावून सांगायला नको. मीठ घाईने धरले तर बारीक धरते, सावकाश धरले तर कण मोठा आणि टोकदार होतो. दगडाच्या पोटात घाई करणारे कोणी नव्हते.

हे पाणी एकदाच आले आणि गेले असे नाही. एखादी चांगली पोकळी फोडली की तिच्यात पायरीपायरीने झालेले काम दिसते. दगडाला लागून प्रथम हिरवट मातकट अस्तर, त्यावर अकीकाच्या किंवा गारेच्या जातीचा थर, त्यावर हुलँडाइट किंवा स्टिल्बाइट, आणि अगदी वर, सगळ्यांच्या डोक्यावर बसल्यासारखे, अपोफिलाइटचे किंवा कॅल्साइटचे पाणीदार स्फटिक. खालचा थर आधीचा, वरचा मागाहूनचा. ज्याला हा क्रम वाचता येतो त्याला हातातला तुकडा ही दगडाची बखर वाटते.

ही नावे विलायती आहेत, त्याला माझा इलाज नाही. पण त्यांतली काही नावे इतकी बोलकी आहेत की तुम्हाला आवडतील. या खनिजांच्या मुख्य कुळाचे नाव झिओलाइट. क्रोनस्टेट नावाच्या स्वीडिश शास्त्रज्ञाने १७५६ साली असा एक दगड फुंकनळीच्या ज्योतीत धरला, तर तो उकळल्यासारखा फसफसला. म्हणून ग्रीक शब्द जोडून त्याने नाव दिले 'उकळणारा दगड'. फसफसले ते पाणी. या खनिजांची घडण आतून पिंजऱ्यासारखी असते आणि त्या पिंजऱ्यात पाणी कोंडलेले असते. तापवले की ते निघून जाते. पुष्कळ जातींत पिंजरा मागे तसाच उभा राहतो आणि ओलावा मिळाला की पुन्हा पाणी भरून घेतो. या पिंजऱ्याचा उपयोग करून माणूस आज जड पाणी मऊ करतो, कपडे धुण्याच्या पावडरीत तो घालतो आणि खनिज तेलाच्या शुद्धीकरणातही वापरतो. अर्थात कारखान्यात वापरतात तो बहुतेक कृत्रिम झिओलाइट. आपल्या टेकड्या त्यासाठी कोणी फोडत नाही.

आता स्कोलेसाइट पाहा. याच्या सुया असतात, पांढऱ्या, काचेसारख्या, एका बिंदूतून फुटलेल्या. ग्रीक भाषेत स्कोलेक्स म्हणजे अळी. ही सुई तापवली की अळीसारखी वळते, म्हणून हे नाव. अपोफिलाइट म्हणजे पानासारखा सुटणारा. तापवला की त्याचे पापुद्रे सुटतात. हा खरे तर झिओलाइटच्या कुळातला नव्हे, पण राहतो त्यांच्याच वाड्यात. बिनरंगी अपोफिलाइट पाण्याच्या थेंबासारखा स्वच्छ असतो. नाशिक, पुणे, जळगाव या बाजूंना कधीकधी तो हिरवा निघतो, कोवळ्या पोपटीपासून गडद हिरव्यापर्यंत. हा हिरवेपणा व्हॅनेडियम नावाच्या धातूचा. काळ्या दगडात तो अगदी अल्प असतो, पण तेवढ्यानेही रंग चढतो.

ओकेनाइट तर पाहिल्याशिवाय खरा वाटत नाही. पोकळी फोडावी आणि आत पांढरे कापसाचे गोळे बसलेले असावेत. प्रत्येक गोळा म्हणजे केसांहून बारीक अशा हजारो तंतूंचा. त्याला फुंकर घालावीशी वाटते, बोट लावावेसे वाटते, आणि नेमके तेच करायचे नसते. एकदा बोट लागले की तंतू चिकटून बसतात आणि पुन्हा कधी उभे राहत नाहीत. आमच्या नातीने एका गोळ्याला प्रेमाने कुरवाळले, तेव्हापासून तो गोळा संग्रहात 'नातीचा' म्हणूनच आहे.

नातीला मी बोललो नाही, कारण माझे स्वतःचे पाप त्याहून मोठे आहे. १९७० च्या सुमारास मी मुंबईला नोकरीच्या खटपटीत होतो. गाडी बोरिवली-कांदिवली-मालाडवरून जायची. त्या भागातल्या दगडखाणी खनिजांसाठी जगभर नावाजलेल्या होत्या, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. प्रेह्नाइट, लॉमोन्टाइट, काळाभोर बॅबिंग्टोनाइट अशी नावे त्या खाणींशी कायमची जोडली गेली आहेत. एका रविवारी कांदिवलीला उतरलो आणि खाणीवरच्या एका माणसाकडून दोन रुपयांना एक तुकडा घेतला. दुधी रंगाचे, तिरप्या टोकांचे लांबट स्फटिक, बोटाएवढे. असा नमुना मला पुन्हा मिळालेला नाही. घरी आणला, धुतला, कपाटात वरच्या फळीवर ठेवला आणि उन्हाळ्याच्या सुटीत गावी गेलो. परत येऊन कपाट उघडले तर फळीवर पांढरी पूड, आणि पुडीत काळा दगड तेवढा शिल्लक. मला वाटले उंदीर लागला. दगडाला उंदीर!

तो लॉमोन्टाइट होता. त्याच्या पिंजऱ्यातले पाणी नुसत्या कोरड्या हवेनेही निघून जाते आणि त्याचा पिंजरा मात्र तग धरत नाही. कोट्यवधी वर्षे ओल्या कातळात सुखाने राहिलेला तो स्फटिक माझ्या कपाटात दोन महिने टिकला नाही. जाणकार लोक तो पाण्यात किंवा घट्ट झाकणाच्या बरणीत ओलसर ठेवतात, नाही तर डिंकासारख्या द्रावात भिजवून घेतात. हे मला पुढे कळले, आणि पुष्कळ उशिरा कळले.

याच लॉमोन्टाइटचा दुसरा प्रकार ऐका. मालाडच्या खाणीत कधीकधी फिकट हिरव्या प्रेह्नाइटची बोटे निघत. माणसाच्या बोटांसारखी लांबट आणि आतून पोकळ. पूर्वी कधी तरी तिथे लॉमोन्टाइटचे स्फटिक होते. पुढच्या पाण्याने त्यांच्यावर प्रेह्नाइटचे कवच चढवले. मग आतला लॉमोन्टाइट निघून गेला आणि कवच राहिले. जो नाहीसा झाला त्याचा आकार दुसऱ्याने सांभाळून ठेवला. त्या खाणींच्या जागी आज इमारती उभ्या आहेत आणि ती बोटे आता संग्रहांतच पाहायला मिळतात.

आपल्या मुलुखातल्या या स्फटिकांची जगाला ओळख होऊन पावणेदोनशे वर्षांवर काळ लोटला. कर्नल साइक्स हा कंपनी सरकारचा अधिकारी १८२० च्या दशकात दख्खनची पाहणी करीत हिंडत होता. पक्ष्यांच्या अभ्यासकांना त्याचे नाव ठाऊक असते. त्याने इथल्या दगडातल्या खनिजांचीही नोंद केली. १८३१ साली पुण्याकडच्या एका सुईदार खनिजाला ब्रुक नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने 'पूनालाइट' असे नाव दिले. पुणेकरांना एक खनिज मिळाले होते! पण पुढे ठरले की ते आधीच ठाऊक असलेले झिओलाइट आहे, आणि नाव मागे पडले. पुणेकरांनी हे फारसे मनावर घेतलेले दिसत नाही.

खरा पूर आला तो रेल्वेने. १८५६ साली बोरघाटातल्या लोहमार्गाचे काम सुरू झाले आणि १८६३ साली संपले. पंचवीस बोगदे खणले गेले. हजारो मजूर त्या कामावर राबले, त्यांतले कितीतरी पटकीने आणि तापाने गेले. डोंगराच्या पोटात जे कोणी पाहिले नव्हते ते या सुरुंगांनी उघडे पडले, आणि बोरघाटातला अपोफिलाइट युरोपातल्या संग्रहांत जाऊन बसला. खंडाळ्याहून जाताना आपण खिडकीतून धबधबे पाहतो. मी बोगद्याच्या भिंतीकडे पाहतो, पण तिथे अंधार असतो.

आता दुर्मिळ म्हणजे काय, याविषयी थोडे बोलतो, कारण या शब्दाने पुष्कळ लोक फसतात. स्टिल्बाइट आपल्याकडे इतका आहे की खडीत जातो. एखादा तुकडा डोळे दिपवील असा असला तरी खनिज म्हणून तो दुर्मिळ नव्हे. याउलट कॅव्हान्साइट. कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिका या तिघांच्या नावांची आद्याक्षरे जोडून हे नाव केलेले आहे. अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यात १९६७ साली ते प्रथम सापडले आणि १९७३ साली शास्त्रीय वर्णन छापले गेले. तिथले स्फटिक बारीक होते. पुढे ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस पुणे-नगर रस्त्यावरच्या वाघोलीच्या खाणींत हे खनिज असे काही निघाले की जगातल्या संग्राहकांचे डोळे वाघोलीकडे लागले. पांढऱ्या स्टिल्बाइटच्या गादीवर मोरपिशी निळ्या रंगाचे गोंडे. रंग इतका उघड की पहिल्याने पाहणाऱ्याला तो शाईचा वाटतो. त्याच ठिकाणी पेंटागोनाइट नावाचे त्याचे भावंड निघते. घटक तेच, प्रमाण तेच, फक्त आतली मांडणी वेगळी. तांदूळ तेच, पण एकीने भाकरी केली आणि दुसरीने मोदक, असे म्हणा.

अमेरिकेत टूसॉन नावाच्या गावी १९५५ पासून दरवर्षी खनिजांची मोठी जत्रा भरते. त्या जत्रेत आपल्या महाराष्ट्राचे दगड मानाने मांडले जातात. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियनमध्ये ते आहेत, लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये आहेत. आपल्याकडे सिन्नरला 'गारगोटी' नावाचे खनिजांचे संग्रहालय २००१ साली उभे राहिले. शिर्डीला जाताना वाट थोडी वाकडी करून ते अवश्य पाहा, मुलांना घेऊन पाहा.

आणि आता मला जे खरे सांगायचे आहे त्याकडे येतो.

परदेशी संग्रहांतल्या जुन्या नमुन्यांवर चिठ्ठी असते, आणि तिच्यावर बहुधा एवढेच लिहिलेले असते: 'पूना, इंडिया'. नमुना नाशिकचा असो, जळगावचा असो, नगरचा असो, कधीकधी मालाडचाही असो. ज्या व्यापाऱ्याच्या हातून तो गेला त्याला पुणे ठाऊक होते, म्हणून पुणे. काही व्यापारी जाणूनबुजून जागा सांगत नाहीत, कारण जागा सांगितली तर उद्या दुसरा व्यापारी तिथे हजर. धंद्याच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. पण त्या एका खोट्या ओळीने तो दगड पोरका होतो. तो कोणत्या थरात होता, शेजारी काय होते, वर काय होते आणि खाली काय, हे सगळे गेले. शास्त्रज्ञाच्या कामाचा तो राहिला नाही. दिवाणखान्यात ठेवायला राहिला.

जागेचे मोल मी कोठे शिकलो ते सांगू? सोपाऱ्याला. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी आपल्या नालासोपाऱ्याचा स्तूप खणला, तेव्हा आत दगडी पेटी निघाली. पेटीत तांब्याचा करंडक, त्यात रुप्याचा, त्यात दगडाचा, त्यात स्फटिकाचा आणि स्फटिकाच्या करंडकात सोन्याचा. हे अवशेष आज मुंबईच्या एशियाटिक सोसायटीत आहेत. समजा, तो स्फटिकाचा करंडक कोणी रात्री खणून काढला असता आणि बाजारात विकला असता, तर तो आज काय असता? एक सुबक डबी. पंडितजींनी तो कशात होता आणि त्याच्या आत काय होते हे लिहून ठेवले, म्हणून तो सोपाऱ्याचा राहिला. मी हे वाचले तेव्हा माझ्या कपाटात साठ-सत्तर दगड होते. त्यांतल्या निम्म्यांवर चिठ्ठी नव्हती. त्या रात्री बसून मी आठवेल तेवढे लिहिले आणि जे आठवले नाही तिथे जागा मोकळी सोडली. अंदाजाने लिहिले नाही, एवढीच एक गोष्ट मी शहाणपणाने केली.

बाजाराचा विषय निघाला आहे तर सावध करून ठेवतो. अजिंठ्याला लेणी पाहायला गेलात तर चमचमणारे दगड घेऊन विक्रेते मागे लागतात. त्यांतले पुष्कळ खरे असतात आणि बिचाऱ्यांचे पोट त्यावर आहे, तेव्हा घासाघीस बेताने करा. पण जांभळा किंवा गुलाबी ओकेनाइट दिसला तर समजा की कापूस रंगात बुडवला आहे. ओकेनाइट पांढराच. कॅव्हान्साइटचे निळे गोंडे स्टिल्बाइटवर डिंकाने चिकटवलेले मी पाहिले आहेत. भिंग लावा. गोंड्याच्या मुळाशी चकचकीत ओघळ दिसला की पैसे खिशात ठेवा. एक अनुभव तर मी पैसे देऊन घेतला आहे. एका दुकानदाराने मला वाघोलीचा म्हणून दिलेला नमुना घरी कोमट पाण्यात ठेवला, आणि तासाभराने निळा गोंडा तळाशी अन् पांढरी गादी वेगळी. दुकानदाराचे नाव सांगत नाही. चूक माझीही होती. मी दगड पाहिला नाही, रंग पाहिला.

संग्राहकाच्या मनात एक बोचरा प्रश्न असतो, तो तुमच्यापासून लपवण्यात अर्थ नाही. स्फटिक दिसतो तो डोंगर फुटतो तेव्हा. कोणी विहीर खणतो, कोणी रस्त्यासाठी कातळ उडवतो, कोणी खडीसाठी टेकडी खातो. आमच्यासारखे त्याच्या मागे मागे वेचत जातात. आपल्या वसई-विरारच्या पूर्वेला टेकड्यांवर लागलेल्या जखमा गाडीतूनही दिसतात. त्या भरून येणाऱ्या नाहीत. मला त्या पाहून वाईट वाटते, आणि त्याच वेळी माझी नजर त्या उघड्या कड्यावर पांढरा ठिपका शोधत असते. हे दोन्ही खरे आहे. मी एकदा एका खाणीवर मुकादमाजवळ हे बोललो. वडार समाजातला वयस्क माणूस, घणाचे घट्टे पडलेले हात. तो म्हणाला, "मास्तर, तुमास्नी गारगोटी गावली की तुमी नाचता. आमास्नी गावली तर तो दगड वाया. पोकळ दगडाला खडीत भाव न्हाई." मग जरा थांबून म्हणाला, "पर पोरगी म्हणती म्हून घरी चार ठिवल्यात."

तो पुढे मला गारगोट्या बाजूला काढून ठेवू लागला. मी पैसे देत असे, पण पैशांबरोबर एक काम त्याच्या अंगावर टाकले. कोणत्या खाणीत, कड्याच्या वरच्या बाजूला की खाली, कोणत्या महिन्यात, एवढे सांगायचे. त्याला लिहिता येत नव्हते. मुलगी लिहीत असे, वहीच्या पानाचे चतकोर फाडून, जांभळ्या शाईने. परदेशातल्या संग्रहांत 'पूना' एवढीच ओळ असताना माझ्या कपाटात एका शाळकरी मुलीच्या हातची चाळीस-पंचेचाळीस पाने आहेत, 'वरच्या कपारीत, पावसाच्या आदी' अशी. त्या पानांवर मी माझे अक्षर उमटवलेले नाही. खाण पुढे बंद झाली, ते कुटुंब कामाच्या मागे दुसरीकडे गेले. त्या जागी आता गोदामे आहेत. तो कडा कसा होता हे सांगणारे तेवढेच कागद उरले आहेत.

तरुण मंडळींपैकी कोणाला हा नाद लागला तर चार गोष्टी सांगतो. चालू खाणीत परवानगीवाचून पाऊल टाकू नका. सुरुंगाच्या वेळा विचारून घ्या आणि उघड्या कड्याखाली उभे राहू नका. लेणी, किल्ले, देवस्थाने आणि अभयारण्ये यांच्या दगडाला हात लावायचा नाही. घरी आणलेला दगड आधी साध्या पाण्याने आणि मऊ कुंचल्याने धुवून पाहा. आम्लाची बाटली तर लांबच ठेवा, कारण पुष्कळ झिओलाइट आम्लात खळीसारखे बुळबुळीत होतात. आणि घरी पोचण्याआधी, तिथेच उभ्याउभ्या चिठ्ठी लिहा. मोबाइलवर जागेचा नकाशा निघतो, छायाचित्र निघते. आमच्या वेळी हे नव्हते, तुम्हाला आहे. पण कागदाची चिठ्ठी लिहाच. फोन बदलतात, कागद दगडाबरोबर राहतो.

माझा वेळ संपत आल्याची खूण चालक करीत आहेत. नमुने या टेबलावर मांडले आहेत. रांगेने येऊन पाहावे, हातात घेऊन पाहावे. डाव्या टोकाच्या कापसाच्या गोळ्यांना तेवढे बोट लावू नये. बरणीत पाण्यात बुडवून ठेवलेला आहे तो लॉमोन्टाइट, दुसऱ्यांदा मिळालेला. बरणीचे झाकण उघडू नये.

उजव्या टोकाला खडीतला पंखा आहे, तो मी सुरुवातीला सांगितला तो. तो स्टिल्बाइट आहे, एवढे मला पुढे कळले. त्याच्या चिठ्ठीवर वर्ष आहे, रस्त्याचे नाव आहे, माझे नाव आहे, आणि 'खाण' या शब्दापुढे जागा मोकळी आहे. सभागृहात काही मंडळी माझ्याहून वडील दिसतात. १९६० च्या सुमारास पापडीकडून स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर पडलेली खडी कोणत्या टेकडीवरून येत होती, कोणाच्या बैलगाड्या होत्या, हे कोणाला आठवत असेल तर कृपा करून मला भेटल्याशिवाय जाऊ नका. पेन मी बरोबर आणले आहे.